दहावीच्या वर्गासाठी एआय साधन निवडताना
आपण नव्यानेच शिकवू लागला आहात, म्हणून सुचवतो की साधनाच्या जाहिरातीवर न जाता, ज्या धड्याची उत्तरे आपल्याला पक्की ठाऊक आहेत त्यावरचे दहा प्रश्न त्याला मराठीतून विचारून पाहावेत. विज्ञानाच्या परिभाषेत ते कुठे अडखळते, हे तेव्हाच कळते. गूगलचे नोटबुकएलएम हे एआय साधन आपण दिलेल्या मजकुराच्या आधारे उत्तर देते आणि मूळ उताराही दाखवते, त्यामुळे बालभारतीच्या पुस्तकावरून उजळणी घेण्यासाठी मी तेच पसंत करतो (पीडीएफमधील जोडाक्षरे नीट वाचली जातात ना, हे मात्र आधी पाहावे). चॅटजीपीटी गणित सोडवून देते, पण मुले आयते उत्तर उतरवतात, म्हणून त्याला केवळ पुढची पायरी सुचवण्यास सांगावे. चॅटजीपीटी वापरण्यासाठी किमान वय 13 असून 18 वर्षांखालील मुलांना पालकांची संमती लागते. ती लेखी घ्यावी.