बाळाचा दहा आठवड्यांचा डोस राहिलाय, पुण्यात महापालिकेच्या दवाखान्यात लस घेऊ का? आणि मोठ्यांना काय फुकट मिळतं?

तुम्ही लिहिलंय की सहा आठवड्यांचे डोस गावाला झाले, मग पुण्यात शिफ्ट झालात, दहाव्याचा राहिला आणि आता बाळ साडेतीन महिन्यांचं आहे, तर कोणीतरी म्हणालं सगळं पहिल्यापासून करावं लागेल. अजिबात नाही! झालेला डोस झालेलाच धरतात, जिथे थांबलाय तिथून पुढे चालू, फक्त पेंटाच्या (पाच आजारांवरची एकत्र लस, डांग्या खोकलाही त्यातच येतो) दोन डोसमध्ये किमान चार आठवडे हवेत आणि तुमचे तर कधीच होऊन गेलेत. पण आता अजून लांबवू नका प्लीज, डांग्या खोकला एवढ्या लहान बाळांनाच सगळ्यात जास्त त्रास देतो.

महापालिकेच्या दवाखान्यात घ्या, बिनधास्त. माझ्या दोन्ही मुलांचं सगळं लसीकरण हडपसरला महापालिकेतच झालंय. फुकटचं म्हणजे हलकं असेल ही शंका मला पण घरच्यांकडून ऐकायला लागली होती, तेव्हा तिथल्या सिस्टरनी बाटलीच हातात दिली. लेबलवर एक छोटा गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन, लसीला जास्त उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो, तो बाहेरच्या गोलाएवढा गडद झाला की ती बाटली वापरायची नाही. तुम्हीही बघायला मागा, दाखवतात.

प्रायव्हेटवाले 'न दुखणारी' म्हणतात त्यात डांग्या खोकल्याचा भाग वेगळ्या प्रकारचा असतो, ताप आणि सूज कमी येते हे खरं आहे. पण सरकारी पेंटातला जुन्या पद्धतीचा जो भाग आहे त्याचं संरक्षण उलट जास्त टिकतं, म्हणून एका रात्रीच्या तापासाठी हजारो रुपये घालवावेत असं मला नाही वाटत. ताप येईलच असं समजून पॅरासिटामॉलचा डोस वजनाप्रमाणे तिथेच विचारून घ्या, मांडी शेकू नका, चोळू तर मुळीच नका, आणि लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, कितीही घाई असली तरी.

गावाचं कार्ड सोबत न्या, ते हरवलं तर खरी पंचाईत होते म्हणून आजच फोटो काढून घरातल्या दोघातिघांना पाठवून ठेवा. आता यू-विनवर (सरकारची ऑनलाइन लसीकरण नोंद) पण नोंद होते, मोबाईल नंबर द्यायचा. जायच्या आधी वार विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी लसीकरणाचे दिवस ठरलेले असतात. नऊ महिन्यांच्या एमआरला (गोवर-रुबेलाची लस) तर नक्की विचारा, त्याची बाटली एकदा तयार केली की चार तासांत संपवावी लागते म्हणून मुलं गोळा करून एकत्र देतात. सिस्टर टाळतायत असं समजून चिडून घरी येऊ नका. आणि एमआरचे दोन्ही डोस चुकवू नका हं, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. 2022 मध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवर पसरला तेव्हा लस न झालेल्या मुलांचे काय हाल झाले ते सगळ्यांनी बघितलंय.

सरकारी यादीत कांजिण्या, टायफॉइड, गालगुंड आणि कावीळ ए नाहीत (कावीळ बी आहे, पेंटातच येते). त्यातलं परवडेल ते बालरोगतज्ज्ञांना विचारून बाहेर घ्या, माझं मत विचाराल तर पैसे वाचवून टायफॉइड आधी.

मोठ्यांसाठी मात्र फारच कमी आहे आणि याबद्दल मला खरंच वाईट वाटतं, एवढ्या लसी बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट कंपनी याच शहरात आहे. गरोदर बाईला टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) मिळतं, ते तुमच्या वहिनींना लगेच घ्यायला सांगा, नाव नोंदवलं की पहिला डोस आणि चार आठवड्यांनी दुसरा. सासऱ्यांना शुगर आहे म्हणालात तर फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी बोला, फ्लूची दरवर्षी घ्यावी लागते. कुत्रं चावलं तर रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मिळते, पण आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद-मिरची काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. खोल जखम असेल तर लसीबरोबर रेबीजचं सिरम (जखमेत देतात ते तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) पण लागतं, ते आहे का विचारा, नसेल तर ससून हॉस्पिटलला जा.