वाचकांचे प्रश्न : गल्लीतला पिझ्झा आणि शेजाऱ्यांची मते

प्रश्न : आमच्या इमारतीपासून पाच मिनिटांवर तीन वर्षांपूर्वी पिझ्झाचे एक लहानसे उपाहारगृह सुरू झाले. आत जेमतेम सहा टेबले आहेत, मालक स्वतः गल्ल्यावर बसतात आणि भट्टी काचेपलीकडे दिसते. पुढच्या महिन्यात माझ्या सासूबाईंना सत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या दिवशी घरातील अकरा जणांनी तेथेच जेवावे, असा नातवंडांचा हट्ट आहे. मी आसपास चौकशी केली, तर गोंधळ वाढला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात की बेस कच्चा असतो. समोरच्या बिल्डिंगमधील तरुण जोडपे म्हणते की असा पिझ्झा पार्ल्यात दुसरीकडे मिळत नाही. माझे दीर म्हणतात की कडा करपलेल्या असतात आणि चीज नावापुरते असते. सकाळी फिरायला भेटणारे एक गृहस्थ सांगतात की पार्सल मागवले तर ते चामड्यासारखे लागते आणि पैसे मात्र भरपूर घेतात. सात इंची मार्गरिटा अडीचशे रुपये, दहा इंची चारशे वीस. ही सगळी समंजस माणसे आहेत, उगाच बोलणारे कोणी नाही. मी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : चौघांचेही ऐकावे, असे मी सांगेन. आपले पत्र दोनदा वाचल्यावर माझी खात्री झाली, की हे चौघे एकाच पिझ्झाविषयी बोलत नाहीत. प्रत्येकाने जे खाल्ले त्याचे वर्णन बरोबर केले आहे. फक्त त्यांनी ते केव्हा, कुठे बसून आणि कोणती चव मनात धरून खाल्ले, हे आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही.

काकूंपासून सुरुवात करू. त्या कोणत्या वारी गेल्या होत्या, एवढेच त्यांना विचारा. शनिवार-रविवारची रात्र, असे उत्तर येण्याचा संभव मोठा आहे. पिझ्झाचा तळ भाजतो तो भट्टीच्या तापलेल्या दगडी फरशीमुळे. वर ठेवलेला प्रत्येक ओला, थंड गोळा त्या फरशीतली उष्णता ओढून घेतो आणि ती पुन्हा तापायला काही मिनिटे लागतात. भट्टी लहान असली आणि ऑर्डरी एकामागून एक येऊ लागल्या, की ही मिनिटे मिळत नाहीत. अशाच एका छोट्या उपाहारगृहात मी एका रविवारी काचेलगतच्या टेबलावर बसले होते. साडेसातला पहिला पिझ्झा आत गेला, तेव्हा त्याची कड डोळ्यांदेखत टम्म फुगली. नऊच्या सुमारास दाराशी डिलिव्हरीची पाच-सहा मुले हेल्मेट हातात धरून उभी होती. भट्टीवरच्या मुलाने फरशीवर तापमापक रोखला, आकडा पाहून क्षणभर थांबला आणि तरीही पुढचा पिझ्झा आत सरकवला, कारण थांबायला त्याला सवडच नव्हती. त्यानंतर माझ्या टेबलावर आलेला तुकडा मी उलटून पाहिला, तर वर चीज सुरेख वितळलेले आणि खाली तळ पांढराफटक. काकूंच्या वाट्याला असाच तुकडा आला असावा. त्या खोटे बोलत नाहीत आणि ते उपाहारगृहही रोज कच्चे वाढत नाही. आपणही तेथे गेल्यावर तुकडा उलटून पाहा. तळाशी तपकिरी ठिपके असले, तर फरशी तापलेली होती असे समजा.

आपल्या दिरांचे म्हणणे निराळ्या जातीचे आहे आणि मुंबईत ते सर्वांत जास्त ऐकू येते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. मोठ्या परदेशी साखळ्यांनी भारतात १९९६ मध्ये दुकाने उघडली. त्याआधीही मुंबईकर पिझ्झा खात होता, पण तो होता बेकरीतून आणलेल्या तयार, जाडसर बेसचा : त्यावर टोमॅटोचा गोड-आंबट सॉस, कांदा, सिमला मिरची आणि वरून खिसलेल्या अमूल चीजचा ढीग. तो घरी तव्यावर झाकण ठेवून व्हायचा, वाढदिवसाला व्हायचा, सँडविचवाल्याकडे आणि उडुपी हॉटेलातही मिळायचा. या पिझ्झाला कमी लेखणे मला मुळीच मान्य नाही. कित्येक घरांत मुलांनी पहिल्यांदा स्वतः केलेला पदार्थ तोच होता आणि त्याची चव जिभेवर असणाऱ्याला पिझ्झा म्हणजे भरपूर चीज, मऊ बेस आणि फिकट सोनेरी कड एवढेच अपेक्षित असते.

आपल्या गल्लीतील मालक, आपल्या वर्णनावरून, इटलीतील नेपल्स शहराच्या वळणाचा पिझ्झा करू पाहत आहेत. त्याचे संकेत वेगळे आहेत. नेपल्समध्ये १९८४ साली या पिझ्झाची पद्धत जपण्यासाठी एक संघटना स्थापन झाली. तिच्या नियमांनुसार भट्टी साधारण ४३० ते ४८० अंश सेल्सिअस इतकी तापलेली असावी लागते आणि पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर यावा लागतो. एवढ्या आचेवर कडेचे फुगे काळे पडतात. करणाऱ्याच्या दृष्टीने ती खूण पीठ नीट फुगल्याची आणि भट्टी नीट तापल्याची असते. ताजे मोझरेला चीज पाणीदार असते, त्यामुळे ते थोडेच आणि अंतराअंतरावर घालतात, नाहीतर मधोमध तळे साचते. पिझ्झा करण्याच्या या नेपल्समधील कलेचा २०१७ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. म्हणजे दिरांनी पाहिलेले काळे ठिपके आणि विरळ चीज दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही मुद्दाम केलेले आहे. तरीही त्यांना ‘तुम्हाला कळत नाही’ असे कोणी म्हणू नये. ज्याला करपट चव आवडत नाही, त्याला ती युनेस्कोच्या यादीमुळे आवडू लागत नाही. मात्र ठिपके वेगळे आणि सबंध कड कोळसा झालेली वेगळी. दुसऱ्या प्रकाराला कोणत्याही परंपरेचा आधार नाही आणि तो पिझ्झा निःसंकोचपणे परत पाठवावा.

समोरच्या जोडप्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. त्यांना हा प्रकार आवडतो आणि ते बहुधा आठवड्यातल्या एखाद्या शांत संध्याकाळी तेथे बसून, गरम गरम खातात. त्यांच्या मताचा उपयोग एवढाच, की हे स्वयंपाकघर निवांत असताना किती चांगले करू शकते, ते त्यावरून कळते. मुंबईत ही गोष्ट लहान नाही. आपल्याकडच्या दमट उकाड्यात यीस्ट घातलेले पीठ दोन-तीन तासांत फुगून आंबट होऊ लागते, आणि चव उतरण्यासाठी ते फ्रिजमध्ये दिवसभर किंवा त्याहून अधिक काळ संथपणे फुगवावे लागते. सहा टेबलांच्या जागेत पिठाच्या गोळ्यांचे ट्रे फ्रिजमध्ये बसवायचे, उद्या किती गिऱ्हाईक येईल याचा अंदाज आजच बांधायचा आणि अंदाज चुकला तर पीठ फेकायचे. हे सारे मालक तीन वर्षे करत आला असेल, तर त्याच्या मेहनतीची नोंद शेजाऱ्यांच्या गप्पांत झालीच पाहिजे.

आता सकाळच्या गृहस्थांविषयी. पार्सलबद्दलची त्यांची तक्रार सोळा आणे खरी आहे. असा पातळ पिझ्झा पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद केला, की त्याचीच वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि पुन्हा त्याच्यावर टपकते. मी एकदा ऐन जुलैत असे खोके घेऊन स्टेशनच्या पुलावरून घरी आले होते. उघडले तेव्हा झाकण मध्ये खचले होते आणि तुकडा उचलताच त्याचे टोक ओल्या कापडासारखे खाली लोंबले. गार झाल्यावर तोच बेस चिवट होतो. चामड्याची उपमा अगदी योग्य आहे. साखळ्यांचे जाड बेस अर्ध्या तासाचा प्रवास सोसतील असेच बनवलेले असतात, हा सोसत नाही. अॅपवरच्या ताऱ्यांमध्ये घरी मागवणाऱ्यांचाच भरणा जास्त असतो, म्हणून तेथे खाऊन आलेल्याचे मत आणि ते तारे यांचा मेळ बसत नाही. पार्सल आणायचेच झाले, तर स्वतः जाऊन आणावे, झाकण किंचित उघडे ठेवावे आणि घरी जाड तवा कडकडीत तापवून त्यावर दोन मिनिटे ठेवावे.

किमतीबद्दल मात्र मी त्यांच्याशी अर्धीच सहमत आहे. सात इंची पिझ्झाचे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस इंच, तर दहा इंचीचे सुमारे ७८; म्हणजे दोन लहान मिळून एक मोठा होतो. दोन लहानांचे पाचशे रुपये पडतात आणि मोठ्याचे चारशे वीस. लहान पिझ्झा खरोखरच महाग आहे, मोठा तितका नाही, आणि आपण अकरा जण आहात, तेव्हा आपल्याला मोठेच परवडतील.

वाढदिवसासाठी माझी सूचना अशी. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळून संध्याकाळी सातलाच जा. दोन दिवस आधी मालकांना भेटून अकरा जण येणार असल्याचे सांगा, म्हणजे टेबले जोडून मिळतील आणि पीठही त्या हिशेबाने मळले जाईल. सगळे पिझ्झा एकदम मागवू नका, दोन-दोन मागवा. सुरुवात साध्या मार्गरिटाने करा, कारण टॉपिंगच्या ढिगाखाली बेसचे गुणदोष दिसत नाहीत. दिरांच्या पिझ्झावर चीज वाढवून घ्या आणि कड फिकट ठेवायला सांगा. समोर उभे राहून केलेली अशी विनंती छोट्या ठिकाणी सहसा मोडत नाहीत. आणि एक गोष्ट आवर्जून लिहिते. आपल्या पत्रात चार शेजाऱ्यांची आणि नातवंडांची मते आहेत, सासूबाईंचे मत कोठेच नाही. कड चिवट असते, ती सत्तराव्या वर्षी दातांना जड जाऊ शकते आणि सहा टेबलांच्या जागेत खुर्च्या कशा आहेत हेही महत्त्वाचे आहे. त्या आठवड्याआधी एखाद्या दुपारी त्यांना एकट्यांनाच तेथे घेऊन जा, एक पिझ्झा दोघींत किंवा दोघांत वाटून खा आणि मग त्या जे म्हणतील ते करा.

प्रश्न : आमच्या ओळखीच्या पिझ्झाच्या ठिकाणी लाकडाची भट्टी काढून गॅसची बसवली. जुनी गिऱ्हाईके म्हणतात चव गेली, आमच्या मुलांना फरक कळत नाही. खरे काय?
— एक वाचिका, दादर

उत्तर : मुंबईच्या प्रदूषित हवेविषयीच्या सुनावणीत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर नेण्याचे निर्देश दिले, आणि महापालिकेने बेकऱ्यांबरोबर हॉटेले व तंदूरवाल्यांनाही नोटिसा पाठवल्या. आपल्या ओळखीच्या मालकांनी भट्टी बदलली ती बहुधा याच कारणाने, पैसे वाचवण्यासाठी नव्हे.

चवीचे म्हणाल, तर दीड मिनिटात बाहेर येणाऱ्या पिझ्झात धूर मुरायला वेळच नसतो. लाकडाच्या भट्टीचे खरे देणे म्हणजे प्रखर आच आणि घुमटाखालून वळणारी ज्वाळा. गॅसची भट्टी तेवढी तापत असेल, तर फरक फार थोडा उरतो. नेपल्सच्या त्या संघटनेनेही काही गॅसच्या व विजेच्या भट्ट्यांना मान्यता दिली आहे. भट्टी कमी ताकदीची घेतली असेल, तर पिझ्झा चार-पाच मिनिटे आत राहतो, सुकतो, आणि मग जुन्या गिऱ्हाइकांचे म्हणणे खरे ठरते. तेव्हा पुढच्या वेळी घड्याळ लावून पाहा. त्या इमारतीत पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही त्यांचे मत विचारा. इतकी वर्षे तो धूर त्यांच्या खिडक्यांतून घरात येत होता आणि पिझ्झाच्या चवीवर बोलताना त्यांना कोणी विचारलेले नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीतील काही जैन कुटुंबे कोपऱ्यावरच्या पिझ्झाच्या ठिकाणी निर्धास्त खातात, काही पाऊलही ठेवत नाहीत. मेनूवर ‘जैन उपलब्ध’ असे लिहिले आहे. तेवढे पुरेसे मानावे का?
— एक वाचक, घाटकोपर

उत्तर : तेवढ्यावर विसंबू नये. कांदा वरून न घालणे सोपे असते, पण लसूण सॉसमध्ये असतो आणि सॉस सकाळीच मोठ्या पातेल्यात होतो. म्हणून जैन सॉस वेगळा शिजवतात का, आणि कापायचे चाक व पिझ्झा सरकवायचे फावडे वेगळे आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. तिसरा प्रश्न सर्वच शाकाहारी मंडळींसाठी आहे : वरून भुरभुरतात ते चीज कोणते? इटलीतील अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणासारख्या द्रव्याने, बनते, त्यामुळे चीजचे पाकीट मागून त्यावरचे हिरवे चिन्ह स्वतः पाहावे. दुपारी चारच्या सुमारास, गर्दी नसताना गेलात, तर ही उत्तरे गल्ल्यावरून नव्हे, थेट स्वयंपाकघरातून मिळतील.