गाडी रोज पुसूनही रंगावर बारीक गोल ओरखडे का दिसतात?

रोज पुसता, म्हणूनच! कोरड्या फडक्याने धूळ झटकणं ही सगळ्यात वाईट सवय. धुळीत वाळूचे कण असतात. फडकं फिरवलं की ते पॉलिश पेपरचं काम करतात. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ असतो. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल दिसतात, ते या थरावरचेच ओरखडे.

आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने धूळ-चिखल वाहून जाऊ द्या, मगच हात लावा. बादल्या दोन घ्या, एक गाडीच्या शाम्पूची, दुसरी कापड खळबळायला. एकाच बादलीत बुडवत राहिलात तर काढलेली माती परत गाडीवरच घासली जाते. चाकांचं कापड पूर्ण वेगळं, कारण तिथे ब्रेकची धातूमिश्रित भुकटी असते. आणि कापड जमिनीवर पडलं, तर ते त्या दिवसापुरतं बाद (मीही पूर्वी झटकून परत वापरायचो).

भांड्यांचा साबण नको, तो रंगावरचा वॅक्सचा संरक्षक लेप उतरवतो. तापलेल्या बॉनेटवर तर पाणी ओतूच नका. ते लगेच सुकतं आणि क्षारांचे पांढरे डाग मागे राहतात. पक्ष्यांची विष्ठा मात्र धुण्याच्या दिवसापर्यंत ठेवू नका, ती क्लिअर कोट खाते. ओलं कापड दोन मिनिटं वर ठेवा, मऊ झाली की अलगद उचला.

पडलेले बारीक ओरखडे मशीन पॉलिशने जातात, पण दर वेळी थर थोडा झिजतोच.