बी उगवलं, मग आजोबा कधी उगवणार?

प्रश्न : जय ख्रिस्त ताई. मी एका ख्रिस्ती शाळेत सीनियर केजीला शिकवते. दरवर्षी वसंतात आमचा पाच-सहा आठवड्यांचा थीम प्रोजेक्ट असतो, बी पेरणं, सुरवंट-फुलपाखरू, पक्ष्यांची घरटी आणि शेवटी ईस्टर. मागच्या वेळी बी मातीत पुरताना मी मुलांना म्हटलं, बघा, बी मरतं आणि त्यातून नवं जीवन येतं, तसाच आपला प्रभू येशू. आठव्या दिवशी कोंब वर आला, सगळी टाळ्या वाजवत होती, आणि ज्याचे आजोबा नुकतेच वारले होते तो मुलगा म्हणाला, टीचर, मग आजोबा कधी उगवणार? मला काही सुचेना, मी विषय बदलला. नंतर त्याची आई भेटली, म्हणाली हा घरी झारी मागतोय, आजोबांच्या कबरीवर पाणी घालायचंय म्हणून. यंदा प्रोजेक्ट सुरू करायचीच भीती वाटतेय. बी आणि ईस्टर वेगळंच ठेवू का?

उत्तर : तुझं पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले गं. आधी एक सांगते, त्या मुलाचं काहीही चुकलं नाही, तू जे सांगितलंस ते त्याने मनापासून खरं मानलं आणि पुढचा हिशोब केला, पाच वर्षांचं मूल असाच विचार करतं. उपमा ही मोठ्यांची गोष्ट आहे, त्या वयाला ‘तसाच’ म्हणजे अगदी तसाच.

आणि खरं सांगायचं तर बी मरत नाही. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायात, गव्हाचा दाणा मातीत पडून मेला तरच पीक देतो, असं प्रभू बोलतो ते मोठ्या माणसांशी, स्वतःच्या मरणाबद्दल बोलतोय तो, केजीच्या विज्ञानाचा पाठ म्हणून ते वापरायचं नाही. राजमा रात्रभर पाण्यात भिजव, सकाळी साल काढ आणि मुलांच्या समोर दोन डाळी हलक्या हाताने उघड. आत इवलंसं रोप असतं, दोन पानं घडी घालून ठेवल्यासारखी, डोळ्यांना दिसतात. जिवंतच असतं ते, पाण्याची वाट बघत थांबलेलं. सुरवंटाचंही तेच, कोषात तो मरत नाही, बदलतो. म्हणजे ही दोन्ही उदाहरणं पुनरुत्थानाची म्हणून दिली की विज्ञानही चुकतं आणि ईस्टरही लहान होतो, कारण प्रभू खरोखर मेला होता आणि खरोखर उठला, तसं दुसरं काही निसर्गात होत नाही म्हणून तर ती आनंदाची बातमी आहे ना.

मग वेगळं ठेवायचं का? नाही, फक्त जोड बदल. बी कशासाठी? तर देवाने केलेली गोष्ट नीट, जवळून बघायला. मार्कच्या शुभवर्तमानाच्या 4थ्या अध्यायात एक छोटासा दाखला आहे, पेरणारा माणूस रात्री झोपतो दिवसा उठतो आणि बी वाढत राहतं, कसं ते त्याला कळत नाही. पाच वर्षांच्या मुलाला हा दाखला तस्साच्या तसा कळतो कारण त्याने ग्लासात लावलेलं बीही खिडकीत तेच करत असतं! रोज सकाळच्या प्रार्थनेनंतर पाच मिनिटं ग्लास बघायचे, एवढी सवय लागली तरी खूप झालं.

करायचं कसं ते सांगते. पारदर्शक ग्लासात ओला टिश्यू आणि बी काचेला चिकटवून, म्हणजे मूळ दिसतं. मूळ आधी येतं, खाली जातं, कोंब नंतर. मूळ बोटभर झालं की ग्लास आडवा ठेवा, एक-दोन दिवसांत ते पुन्हा खाली वळतं, मुलं अक्षरशः ओरडतात ते बघून. एक ग्लास अंधाऱ्या कपाटात ठेव, ते रोप लांबुळकं आणि पिवळट होतं, मग प्रकाश कशाला लागतो हे समजवावं लागत नाही. मापायला फूटपट्टी नको, रोज रोपाएवढी कागदाची पट्टी कापून ओळीने चिकटवायची, आठवड्याने भिंतीवर आपोआप आलेख तयार, कात्रीचा सराव होतो आणि लहान-मोठं, किती वाढलं हेही तिथेच. प्रत्येकाला तीन-तीन बिया दे, कारण एखादी उगवत नाही किंवा बुरशी लागते (पाणी जास्त झालं की हमखास), आणि माझी एकच बी मेली म्हणून रडणारं मूल तुला नकोय. रंग लावलेल्या बिया आणू नको, त्यावर औषध असतं. एरंड तर अजिबात नको, विषारी असतो. कच्चा राजमाही तोंडात जाता कामा नये, आणि नाकात-कानात बी घालणारं एक तरी मूल प्रत्येक वर्गात असतंच, म्हणून बिया मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या, शेवटी सगळ्यांनी हात धुवायचे.

ईस्टरसाठी ट्रेमध्ये छोटी बाग कर. माती, आडवं ठेवलेलं छोटं कुंडं म्हणजे कबर, तोंडाशी गोल दगड. गहू आठ-दहा दिवस आधी पेरला की हिरवळ वेळेवर उगवते. योहान 19:41 मध्ये सरळ लिहिलंय की त्या ठिकाणी बाग होती, आणि 20व्या अध्यायात प्रभूची शिष्या मरिया मग्दालिया उठलेल्या प्रभूला माळी समजते, मग तो तिला नावाने हाक मारतो. हा भाग मुलांना फार आवडतो, प्रत्येकाच्या नावाने हाक मारत सांग. शुक्रवारची, म्हणजे प्रभूच्या मरणाची गोष्ट थोडक्यात आणि खरी सांग, पण खिळे-रक्त नको, आणि शुक्रवारवर थांबून मुलांना घरी पाठवू नको, त्याच बैठकीत दगड सरकलेला दिसू दे.

आता आजोबा. तो प्रश्न पुन्हा येईल, कोणीतरी विचारेलच. माझ्या मते सरळ सांगावं, “नाही रे, आजोबा रोपासारखे मातीतून उगवणार नाहीत. त्यांचं शरीर थांबलंय, त्यांना आता भूक लागत नाही, दुखत नाही. प्रभू येशू उठला ना, तो आपल्याला आणि त्यांनाही उठवील असा आपला विश्वास आहे, कधी आणि कसं ते देवाला ठाऊक. तुला त्यांची आठवण येते का?” आणि मग गप्प बसून ऐकायचं. ‘झोपलेत’ म्हणू नको, मुलांना झोपायची भीती बसते. ‘देवाला आवडले म्हणून नेले’ हेही नको, त्याला देवाचाच राग येईल. आणि त्याच्या आईला भेट, सांग की मी चुकीचं बोलले होते. झारी मात्र त्याला द्यावी असं मला वाटतं. कबरीवर एखादं फुलझाड लावून पाणी घालू दे, आजोबा येणार नाहीत हे कळूनही हात चालतात तेव्हा मुलाला बरं वाटतं.

तुझी भीती तुझ्याकडे ठेव पण प्रोजेक्ट कर. किंडरगार्टन हा शब्दच मुलांची बाग असा आहे, 1840 मध्ये जर्मनीत फ्रीडरिख फ्रोबेलने हे नाव दिलं. तो पाळकाचा मुलगा, नऊ महिन्यांचा असताना आई गेली. त्याच्या शाळेत प्रत्येक मुलाचा छोटा वाफा आणि सगळ्यांचा एक सामायिक वाफा असायचा. तुझ्याकडे अंगण नसेल तर एक लांब कुंडी सगळ्यांची ठेव.

प्रश्न : मुलगी विचारते, ख्रिसमस 25 डिसेंबरलाच असतो, मग ईस्टर दरवर्षी वेगळ्या दिवशी का? तिच्या शाळेच्या भिंतीवर फुलं-कोंब लावलेत, ईस्टर वसंतातच असतो का?

उत्तर : 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार, असा ढोबळ नियम, म्हणून तारीख 22 मार्च ते 25 एप्रिलमध्ये फिरते (ही पौर्णिमा चर्चच्या ठरलेल्या तक्त्यातली असते, आणि ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या कॅलेंडरने मोजतात म्हणून त्यांचा दिवस बऱ्याचदा वेगळा). तिला चंद्र दाखवा, रोज चंद्राचं चित्र काढू द्या, तेवढं पुरे. आणि वसंताचं म्हणाल तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मुलांचा ईस्टर पानगळीत येतो, तिथे भिंतीवर सुकी पानं लावली तरी प्रभू उठलाच ना. हे तिला सांगा, तिला नक्की आवडेल.

प्रश्न : शाळा ईस्टरला वर्गात कोंबडीची पिल्लं आणणार म्हणते, ठीक आहे का?

उत्तर : मी नाही म्हणेन. पिल्लांपासून साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंचा संसर्ग होऊ शकतो, पाच वर्षांखालच्या मुलांनी त्यांना हातात घेऊच नये. आणि ईस्टर संपला की ती पिल्लं कुठे जातात हे शाळेला विचारा, उत्तर देताना त्यांचीही पंचाईत होते. त्यापेक्षा काड्या, सुकं गवत आणि ओली माती देऊन मुलांना घरटं करायला लावा. चोचीने केल्यासारखं दोन बोटांच्या चिमटीनेच करायचं, बाकीचा हात वापरायचा नाही. बहुतेकांचं घरटं पहिल्यांदा मोडतं, मग ती दुसरं करतात, आणि झाडावरचं खरं घरटं दिसलं की लांबूनच, हात न लावता, कितीतरी वेळ बघत बसतात.