समूहगीताच्या तालमीत नव्याने आलेल्या मुलीस

प्रिय मुली,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज नीट ऐकला. तुझ्या तक्रारी तीन. तालमीत स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही, तुमचे तालमीचे सर एकेक ओळ तास तासभर घोटून घेतात, आणि सुरुवातीचा आलाप तुला न देता एफवायच्या मुलीला दिला. तिसरी तू हसत हसत सांगितलीस, पण खरी तीच आहे, एवढं कळण्याइतक्या तालमी मी घेतल्या आहेत. तिच्याकडे येतोच. आधी पहिली.

आवाज ऐकू येत नाही, हे लक्षण चांगलं आहे. सहा जण एका सुरात आले की तसंच होतं. स्वतःचा आवाज वेगळा कानावर पडला तर समजायचं, आपण जोरात गातोय, नाहीतर आपण किंवा शेजारचे सुराला इकडेतिकडे आहोत. विशारद होईपर्यंत तू तानपुऱ्याशी एकटी बसलीस. तिथे कान स्वतःच्या गळ्याकडे लावायचा असतो. इथे तो शेजारणीच्या गळ्याकडे लावायचा. उद्याच्या तालमीत एक करून बघ. निम्म्या आवाजात गा, इतक्या की डावीउजवीकडच्या दोघी तुला तुझ्यापेक्षा स्पष्ट ऐकू आल्या पाहिजेत. सुरुवातीला चाचपडल्यासारखं होईल, जागा चुकेल, मजा तर अजिबात येणार नाही. पण तास दोन तासांत लक्षात येईल की डावीकडची प्रत्येक लांब स्वराच्या शेवटी किंचित उतरते. एकदा ते ऐकू आलं की तू खऱ्या अर्थाने तालमीला आलीस.

नियमपत्रक वाचलंस का? बहुतेक मुलं वाचत नाहीत, आयत्या वेळी विंगेत विचारतात. एआययूच्या (भारतीय विद्यापीठ संघाच्या) युवा महोत्सवांत भारतीय समूहगीताला जास्तीत जास्त सहा गायक, तीन साथीदार आणि दहा मिनिटं असतात. मांडामांडीचा वेळ निराळा. चित्रपटगीत चालत नाही. गुण फक्त गाण्याचे, वेशभूषा आणि हावभाव धरायचे नाहीत, असंही त्यात लिहिलेलं आहे. (तरीही एकसारखी जॅकेटं शिवून घेण्यात दरवर्षी दोन तालमींचा जीव जातोच. जाऊ दे.) तुमच्या विद्यापीठाने त्यात काही फेरफार केले असतील, ते प्रभारी प्राध्यापकांकडून कळतील.

सहा हा आकडा मात्र लक्षात ठेव. पन्नास जणांच्या मेळाव्यात एखाद्याचा सूर सुटला तरी झाकला जातो. सहा जणांत काहीही झाकलं जात नाही, आणि तरीही सहांपैकी कोणी एकटं दिसायचं नाही. सरांच्या त्या तासभर घोटण्याचं कारण हेच आहे. त्या तासात नेमकं काय होत असतं ते आता सांगतो, कारण तुला ते बहुधा निव्वळ उजळणी वाटतंय.

तुमच्या दोन गाण्यांतलं एक देशभक्तीपर आहे म्हणतेस, म्हणजे ओळींच्या शेवटी कुठेतरी ‘देश’ येतच असणार. तो शब्द सहा जणांनी म्हटला की सहा ‘श’ सहा वेगवेगळ्या क्षणी सुटतात आणि मायकवर कुकरची शिट्टी झाल्यासारखं ऐकू येतं. उपाय सोपा आहे. पाच जणांनी ‘दे’ वरच स्वर लांबवून थांबायचं, ‘श’ एकानेच म्हणायचा. ऐकणाऱ्याला सहाही जणांनी म्हटल्यासारखा वाटतो. ‘श’ कोणाचा, हे तालमीत ठरवून वहीत लिहून ठेवायचं. श्वासाचंही तसंच. लांब ओळ एका दमात होत नसेल तर सगळ्यांनी एकाच ठिकाणी श्वास घेतला की तिथे भगदाड पडतं. म्हणून दोघांनी आधीच्या शब्दावर, दोघांनी नंतरच्या, दोघांनी त्याच्याही पुढे, असा चोरून घ्यायचा. आणि श्वास घेतल्यावर परत शिरताना दबक्या आवाजात शिरायचं, दार ढकलून नाही.

मग मुरक्या, म्हणजे सुरांची झटकन घेतलेली वळणं. इथे तुला त्रास होणार आहे, कारण तुझ्या गळ्यात त्या आपोआप येतात. तू घेतलेली अशी जागा कितीही देखणी असो, उरलेल्या पाच जणांना ती तशीच्या तशी येत नसेल तर समूहात ती चूकच आहे. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कुठून सुरू होते, किती मात्रा घेते, कणस्वर (ओझरता लागणारा शेजारचा सूर) लागतो की नाही, हे सगळं सहा जणांचं एक व्हावं लागतं. एका मींडेवर पाऊण तास जातो तो असा. कंटाळा येऊ दे, त्याला इलाज नाही.

आता सुराची एक बारीक गोष्ट, जी फारसं कोणी सांगत नाही. पेटीचे सगळे अर्धस्वर सारख्या अंतरावर जुळवलेले असतात. त्यामुळे पेटीचा शुद्ध गंधार (सा-रे-ग मधला ग), तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येतो त्या गंधारापेक्षा चढा लागतो. एका अर्धस्वराचे १०० भाग धरले तर सुमारे १४ भागांनी. एकटीने गाताना तू नकळत तानपुऱ्याच्या गंधारावर जातेस आणि ते छानच लागतं. समूहात तिघी तानपुऱ्याकडे आणि तिघे पेटीकडे गेले की गंधारावर एक खरखर उभी राहते. कोणीच बेसूर नसतं, तरी सगळं मिळून बेसूर. पेटी सतत मागून वाजणार असेल तर पेटीचा गंधार सगळ्यांनी धरावा. आणि लांब मुक्कामाचा गंधार असेल तर पेटीवाल्याला तिथे हात उचलायला सांगून सगळ्यांनी तानपुऱ्याचा घ्यावा. मला दुसरं जास्त आवडतं, पण पेटीवाला ऐकणारा हवा.

पट्टीवरून तुमच्यात वाद झाला म्हणालीस. होणारच. चार मुली, दोन मुलगे. काळी चार धरली, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ मानली, तर मुलींना मोकळं वाटतं, पण मुलांनी वर गावं तर तार सप्तक पेलत नाही आणि खाली गावं तर खर्जात आवाज विरतो. काळी एक धरली की नेमकं उलट. मधली पांढरी तीन वगैरे धरून सगळ्यांनाच अर्धवट गैरसोयीत ठेवायचं, हा कॉलेजांमधला आवडता तोडगा आहे आणि मला तो पटत नाही. त्यापेक्षा काळी चारच ठेवून मुलांच्या ओळी मंद्रातून (खालच्या सप्तकातून) मध्य सप्तकाच्या पंचम-धैवतापर्यंत (प-ध पर्यंत) फिरतील अशा बांधून घ्या, तार सप्तक मुलींकडे ठेवा. पं. जसराजांनी रूढ केलेली जसरंगी जुगलबंदी ऐक. त्यात गायक आणि गायिका यांचे षड्ज (सा) वेगवेगळे असतात. दोघंही आपापल्या पट्टीत गातात. समूहगीत इतकं अवघड नसतं, पण पट्टी ही तडजोड न करता रचनेतून सोडवता येते, हे त्यातून कळेल.

तू शास्त्रीयवाली, म्हणून समूहात गाणं तुला थोडं खालचं वाटतंय का, अशी मला शंका आली. तू तसं म्हणाली नाहीस, आवाजावरून वाटलं. आपल्याकडे हे काम फार तालेवार लोकांनी केलेलं आहे. इप्टाची (भारतीय जननाट्य संघाची) स्थापना मुंबईत १९४३ सालची. पुढच्याच वर्षी अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. सलील चौधरींनी मुंबईत बॉम्बे यूथ कॉयर चालवलं, भारतीय चालींवर निरनिराळ्या आवाजांच्या ओळी एकमेकींवर रचून. आज तुम्ही महोत्सवात ‘पार्ट’ म्हणून जे गाता ते पुष्कळसं त्या वाटेने आलेलं आहे. आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून शाहिराच्या मागे त्याची ओळ उचलून धरणारे झीलकरी उभे आहेत. एखादा पोवाडा बघायला मिळाला तर शाहिराकडे बघू नकोस, झील धरणाऱ्यांकडे बघ. शाहिराचा शेवटचा शब्द अजून तोंडात असतानाच त्यांचा श्वास भरून झालेला असतो. त्यामुळे ‘जी जी’ उचलताना मध्ये फट राहत नाही.

तुमची सुरुवात फसते त्याचं औषधही तिथेच आहे. समूहगीतात समोर हात हलवणारा कोणी नसतो. मग सहा जणांनी एकदम उठायचं कसं? बहुतेक संघ तबल्याच्या तुकड्यावर अवलंबून राहतात, आणि तबलजी रंगमंचावर घाबरून लय वाढवून बसला की सगळेच गडबडतात. त्यापेक्षा एकाला नेमा. त्याने गाण्याच्या लयीतच, एका मात्रेचा, दिसेल असा श्वास घ्यायचा आणि बाकीच्यांनी त्याच्यासोबत. त्याच्याकडे मान वळवून बघायचं नाही. अर्धवर्तुळात उभं राहिलं की खांदा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो. तालमीत एकदा दिवे बंद करून नुसत्या श्वासाच्या आवाजावर सुरुवात करून बघा. जमायला लागलं की पोरं त्याचा खेळच करतात.

घरी करायचं ते घरीच कर. शब्द पाठ करणं, आपला पार्ट पेटीवर एकटीने पक्का करणं, गळा तापवणं, यातलं काहीही तालमीच्या वेळात करायचं नाही. तालमीत फक्त ते करायचं जे एकटीला करता येत नाही. आणि पावसाळ्यात घसा बसणारच. बसला तर ये, पण गाऊ नकोस, समोर बसून ऐक. त्या दिवशी तू सगळ्यात जास्त शिकशील.

रंगमंचाबद्दल थोडं. सहा जणांना सहा मायक मिळतील या भरवशावर राहू नका. कधी तीन असतात, त्यातला एक खरखरतो. म्हणून दोघांत एक मायक धरून उभं राहायची तालीम आतापासून करा, आणि कोण कोणासोबत ते उंचीवरून ठरवू नका, आवाजावरून ठरवा. भारी आवाजाचा वीतभर मागे. समोरच्या स्पीकरमधून स्वतःचं काही ऐकू येणार नाही, असं धरूनच चाला. इथे ती निम्म्या आवाजाची सवय कामी येते.

तबल्याचं आत्ताच विचारून ठेव. दिव्यांच्या उष्णतेने पुडी (तबल्यावरचं कातडं) ताणली जाते आणि तबला चढतो, दमट विंगेत तो उतरतो. म्हणजे विंगेत मिळवून आणलेला तबला दुसऱ्या कडव्याला भलतीकडेच असू शकतो. दोन गाणी दोन पट्ट्यांत असतील तर अजून एक भानगड. पहिलं काळी एकमध्ये आणि दुसरं काळी चारमध्ये असेल तर काळी एकचा तबला दुसऱ्या गाण्यात मध्यमाला (‘म’ला) वाजतो. चालीत मध्यम ठळक असेल तर खपून जातं. नसेल तर दुसरा तबला मिळवून शेजारी ठेवायचा, गाण्यांच्या मध्ये हातोडी चालवत बसायचं नाही. ती ठोकाठोक दहा मिनिटांतूनच जाते, आणि परीक्षकांच्या कानात पहिल्या गाण्याचा जो काही सूर राहिलेला असतो तोही घालवते.

आता आलाप. त्या मुलीपेक्षा तुझी तालीम जास्त, गळा जास्त फिरता, हे सरांना कळत नसेल असं मला वाटत नाही. पण तू पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मी एक ऐकलं. तिचा आलाप संपतो आणि समूह सुरू होतो तेव्हा ती सहांत मिसळून जाते. मधल्या ओळीत तू एकटीने दोन जागा घेतल्यास तिथे मात्र पुढच्या चार मात्रा तुझाच आवाज वर राहिला. आलाप कोणाला द्यायचा ते पुष्कळदा आलापावरून ठरत नाही, त्याच्या नंतरच्या चार मात्रांवरून ठरतं. सरांनी तसा विचार केला असेलच असं नाही, कदाचित तिचा षड्ज काळी चारला जास्त खुलत असेल, कदाचित तिला धीर द्यायचा असेल. विचारायचं तर विचार, पण तालमीत सगळ्यांसमोर नको, आणि ‘मला का नाही’ असं नको. ‘त्या चार मात्रांत मी काय करू’ असं विचार. आणि तिला आलापाचा शेवटचा न्यास, म्हणजे थांबायचा सूर, थोडा लवकर सोडायला सांग, उशीर होतोय. तू सांगितलंस तर ऐकेल.

महाविद्यालय, विद्यापीठ, मग जमलं तर इंद्रधनुष्य (राज्यातल्या विद्यापीठांचा महोत्सव) आणि पश्चिम विभागाचा महोत्सव, ही शिडी लांब आहे. तिचा हिशेब आत्ता नको. गुरुवारच्या तालमीचं रेकॉर्डिंग पाठव. फोन तुमच्यामध्ये ठेवू नकोस, हॉलच्या मागच्या रांगेतल्या खुर्चीवर ठेव. पंखे बंद करा. दोन्ही गाणी न थांबता, मध्ये कोणी चुकलं तरी. आणि ‘श’ कोणाकडे दिलात ते मला सांगू नकोस, मला ओळखून बघायचंय.

तुझा,
सर