आपण ‘बटाटा’ म्हणतो आणि हिंदीत ‘आलू’, असं का?

‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला आणि ‘आलू’ संस्कृतातून, म्हणून मंडईत एकाच ढिगाला मराठी गिऱ्हाईक बटाटे म्हणतं आणि हिंदी बोलणारं आलू. मूळ ‘बटाटा’ कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतला, आणि गंमत म्हणजे तिथे त्याचा अर्थ रताळं! आपण खातो तो बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतला. तिथल्या केचुआ भाषेत तो ‘पापा’. स्पॅनिश लोकांनी दोन्हींची सरमिसळ करून ‘पाताता’ केलं, त्यावरून इंग्रजी ‘पोटॅटो’. पोर्तुगीजांनी मात्र ‘बाताता’च ठेवलं. तोच शब्द पश्चिम किनाऱ्यावर रुजला, म्हणून कोकणी आणि गुजरातीतही त्याचीच भावंडं सापडतात.

संस्कृतात ‘आलु’ म्हणजे खाण्याजोगा कुठलाही कंद. बटाटा भारतात यायच्या कितीतरी आधीचा हा शब्द. नवा कंद आला आणि उत्तरेत त्याला जुनंच नाव चिकटलं. मराठीतही तो लपून आहेच: ‘रताळू’ म्हणजे रक्तालु, तांबडा कंद. थोडक्यात, रताळ्याचं नाव बटाट्याने पळवलं आणि आलूचं नाव रताळ्याकडे राहिलं.

फक्त आलुबुखार यात धरू नका. तो ‘आलू’ फारसी, अर्थ प्लमसारखं फळ. मध्य आशियातल्या बुखारा शहराचं म्हणून आलुबुखारा. कंदाशी त्याचा संबंध नाही.