महापालिकेच्या जागेवरील सामुदायिक बाग वाहनतळापासून कशी वाचवावी?

आपण लिहिले आहे की महापालिकेच्या एका मोकळ्या भूखंडावर परिसरातील कुटुंबांनी अनेक वर्षे खपून भाजीपाल्याची व फुलझाडांची बाग उभी केली, त्यासाठी अधिकाऱ्यांची केवळ तोंडी संमती होती आणि आता त्याच जागी वाहनतळ होणार असल्याचे कानावर आले आहे. आमच्या भागातील मोकळ्या जागांसाठी अर्ज आणि हरकती दाखल करण्याचे काम मी करत आलो आहे, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

बाग किती सुंदर आहे याला निर्णयाच्या वेळी फारसे वजन नसते. जमीन कोणाच्या नावावर आहे आणि विकास आराखड्यात, म्हणजे शहरातील कोणती जागा कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या मंजूर नकाशात, ती कशासाठी राखून ठेवली आहे (यालाच आरक्षण म्हणतात), हे पाहिले जाते. त्यामुळे सह्यांची मोहीम सुरू करण्यापूर्वी मालमत्ता पत्रक किंवा सात-बारा उतारा काढावा आणि नगररचना विभागाकडून त्या भूखंडाचा विकास योजना अभिप्राय, म्हणजे आराखड्यात त्यावर कोणते आरक्षण आहे याचा दाखला, लेखी घ्यावा. वाहनतळाचा प्रस्ताव, त्यावरील कार्यालयीन टिपण्या आणि निविदा निघाली असल्यास तिची प्रत माहिती अधिकारात मागावी. उत्तरासाठी सर्वसाधारण मुदत 30 दिवसांची असते, म्हणून हा अर्ज आजच देणे बरे.

जागेवर उद्यान किंवा खेळाचे मैदान असे आरक्षण असेल आणि जमीन महापालिकेच्या ताब्यात आलेली असेल, तर आपली बाजू बरीच भक्कम आहे. असे आरक्षण बदलायचे असल्यास महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधील कलम 37 नुसार जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात, सुनावणी द्यावी लागते आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी घ्यावी लागते. नुसता कार्यालयीन आदेश पुरत नाही. जमीन अजून खासगी मालकाकडे असेल, तर मात्र आरक्षण असूनही निश्चिंत राहता येत नाही, कारण आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत संपादन झाले नाही तर मालक कलम 127 ची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. अशा नोटिसा दप्तरात पडून राहतात आणि नागरिकांना त्यांचा पत्ता मुदत संपल्यावर लागतो, म्हणून आपल्या सर्वेक्षण क्रमांकावर अशी नोटीस आली आहे काय, हे लेखी विचारून घ्यावे. जागा मंजूर ले-आउटमधील (भूखंड पाडताना मंजूर झालेल्या रेखांकनातील) मोकळी जागा असेल, तर मंजूर नकाशाची प्रत हाच आपला मुख्य पुरावा. आणि आराखड्यात मुळातच वाहनतळाचे आरक्षण असेल, तर बागेसाठी आरक्षण बदलून घेण्याची मागणी आपल्यालाच करावी लागेल, जी वेळखाऊ आहे पण अशक्य नाही; आराखड्याची सुधारणा सुरू असेल तर कलम 26 खालील हरकती-सूचनांची मुदत कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये.

न्यायालयात जाण्याची वेळ आल्यास सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल वकिलांना आवर्जून दाखवावेत. बंगळुरूच्या राजमहल विलास विस्तारातील उद्यानाची जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. 1991 मध्ये न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवले आणि अशा प्रश्नावर दाद मागण्याचा परिसरातील रहिवाशांचा हक्क मान्य केला. लखनौच्या अमीनाबाद भागातील झंडेवाला पार्कखाली महापालिकेने निविदा न मागवता भुयारी बाजारसंकुल बांधायला दिले होते. 1999 मध्ये न्यायालयाने ते बांधकाम पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला. “वर बाग, खाली वाहनतळ” असा तोडगा आपल्यापुढे ठेवला गेला, तर हा दुसरा निकाल विशेष उपयोगी पडेल.

वृक्ष अधिनियम, 1975 चा आधार अवश्य घ्यावा, परंतु त्यावर विसंबू नये. झाडे तोडण्यासाठी लागणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीच्या प्रक्रियेमुळे थोडा अवधी मिळतो. जमीन त्याने वाचत नाही, आणि वांगी-टोमॅटोचे वाफे तर वृक्षांच्या व्याख्येत येतच नाहीत.

न्यूयॉर्कचा इतिहास या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. तेथे 1970 च्या दशकात ओस पडलेल्या भूखंडांवर रहिवाशांनी बागा केल्या आणि महापालिकेने त्यांना नाममात्र भाड्याने, पण केव्हाही काढून घेता येईल अशा अटीवर परवाने दिले. जमिनीचे भाव चढल्यावर 1999 मध्ये महापौर जुलियानी यांच्या प्रशासनाने 114 बागा लिलावात काढल्या. ऐन वेळी दोन ना-नफा संस्थांनी सुमारे 42 लाख डॉलर मोजून त्या विकत घेतल्या आणि पुढे त्यांपैकी अनेक बागांची मालकी बागकाम करणाऱ्यांचाच सहभाग असलेल्या स्थानिक भूमी-न्यासांकडे गेली. याउलट एस्पेरांझा नावाची बाग फेब्रुवारी 2000 मध्ये बुलडोझरखाली गेली. न्यायालयाने बागांवरील कारवाईला तात्पुरती मनाई केली ती त्याच दिवशी, पण तोवर तेथे वाचवण्यासारखे काही उरले नव्हते. म्हणून प्रस्ताव मंजूर झाल्याचे कळताच स्थगितीचा अर्ज करावा, यंत्रे दारात येण्याची वाट पाहू नये.

आपल्याकडे इतकी महाग जमीन विकत घेणे बहुतेक गटांच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे मी जाणतो. व्यवहार्य मार्ग असा की गटाची संस्था म्हणून रीतसर नोंदणी करावी आणि देखभालीचा दीर्घ मुदतीचा लेखी करार महापालिकेच्या सभेच्या ठरावासह मागावा, कारण अधिकारी बदलला की तोंडी संमती संपते. करारात जागेची मालकी महापालिकेकडेच राहील, बागेचे दार ठरलेल्या वेळी सर्वांसाठी उघडे राहील आणि कोणतेही पक्के बांधकाम होणार नाही, हे आपणहून लिहून द्यावे. मुंबईत दत्तक दिलेल्या काही मैदानांवर क्लब उभे राहिल्याने अशा करारांविषयी लोकांच्या मनात रास्त संशय आहे, आणि आपली बाग दहा-बारा कुटुंबांच्या कुलुपाआड असेल तर प्रतिपक्षाचे वकील नेमके तेच दाखवतील.

बागेत परिसरातील ओला कचरा जिरत असेल, तर त्याची रोजच्या वजनासह नोंदवही ठेवावी आणि प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाची त्यावर सही घेत जावी. महापालिकेतील एखादा विभाग आपल्या बाजूने लेखी बोलला, तर सुनावणीत त्याला मोठी किंमत असते.

भूखंडाचा सर्वेक्षण क्रमांक येथे लिहू नये, मात्र आरक्षणाचा प्रकार आणि आराखडा मंजूर झाल्याचे वर्ष कळवल्यास हरकतीचा मसुदा कसा असावा, हे मी सविस्तर लिहीन.